ड्राफ्टचा वर्ग पास की नापास? सीहॉक्सच्या २०१२च्या यादीवर करून पाहिलेली तपासणी

एप्रिल २०१२. अमेरिकन फुटबॉलमधल्या सिएटल सीहॉक्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या फेरीत ब्रूस आयर्विनचं नाव पुकारलं आणि टीव्हीवरचे जाणकार एकमेकांची तोंडं बघत राहिले. त्यांच्या याद्यांमध्ये हा पोरगा इतक्या वर नव्हताच. तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन आला. सहा फुटांहून कमी उंचीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा), आणि महिनाभरापूर्वीच तर संघाने मॅट फ्लिनशी त्याच जागेसाठी करार केला होता! दोन दिवसांत निकालपत्रकं लागली. कुणी काठावर पास केलं, कुणी सरळ नापास करून टाकलं. त्यानंतर दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर २ फेब्रुवारी २०१४ रोजी याच संघाने डेन्व्हर ब्रॉन्कोसला ४३–८ असं लोळवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

त्या पंडितांना हसणं सोपं आहे. सिएटलशेजारच्या आमच्या बेलव्ह्यूच्या मराठी कट्ट्यावर रविवारी पोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन आम्हीही भरपूर हसलो. पण मग उलटी चूक सुरू झाली: करंडक आला म्हणजे वर्गातला, म्हणजे त्या वर्षी निवडलेल्यांतला, प्रत्येक जण हिरा. तसं मुळीच नव्हतं. त्या दहा जणांतले निम्मे चार वर्षांत विस्मरणात गेले. तेव्हापासून जुने ड्राफ्ट तपासायचा मला नाद लागला आणि हळूहळू एक पद्धत बसत गेली. तीच इथे मांडतो. उदाहरण बहुतेक ठिकाणी २०१२च्याच वर्गाचं घेतलंय.

नव्याने बघणाऱ्यांसाठी एवढंच: इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. एनएफएलमध्ये ३२ संघ, ड्राफ्टच्या ७ फेऱ्या, आणि गेल्या मोसमात ज्याचं सगळ्यात वाईट झालं त्याला पहिला मान. दरवर्षी कॉलेजांतून अडीचशेच्या वर पोरं उचलली जातात. आयपीएलच्या लिलावासारखी बोली लागत नाही. कितव्या क्रमांकावर नाव आलं यावरच पहिल्या कराराची रक्कम जवळपास ठरून जाते. (आपल्याकडे आयएसएलनेही २०१७ साली मुंबईत देशी खेळाडूंचा ड्राफ्ट भरवला होता. तिथे जमशेदपूरने पहिल्याच क्रमांकावर अनस एडाथोडिकाला घेतलं होतं. पण नंतर ती प्रथा टिकली नाही.) लिलावात खेळाडूची किंमत कळते, ड्राफ्टमध्ये क्रमांकाची. पुढची सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

पायरी १: आधी यादी, मत नंतर

एक्सेल उघडा आणि संघाची त्या वर्षीची सगळी नावं एकाखाली एक लिहा. आवडते तेवढे नाही, सगळे. आठवणीवर विसंबलात तर विल्सन आणि वॅग्नर लक्षात राहतील, टूमर राहणार नाही, आणि सरासरी तिथेच फसेल. फेरी लिहू नका, एकूण क्रमांक लिहा. खेळाडू गमावलेल्या संघांना लीग देते त्या भरपाईच्या जादा क्रमांकांमुळे चौथी फेरी एका वर्षी एका आकड्यावर संपते, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. सीहॉक्स, २०१२:

१५ – ब्रूस आयर्विन, पास-रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा)
४७ – बॉबी वॅग्नर, लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा)
७५ – रसेल विल्सन, क्वार्टरबॅक
१०६ – रॉबर्ट टर्बिन, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा)
११४ – जे हॉवर्ड, डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पहिल्या फळीत मधे)
१५४ – कोरी टूमर, लाइनबॅकर
१७२ – जेरेमी लेन, कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांना अडवणारा)
१८१ – विन्स्टन गाय, सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे)
२२५ – जे. आर. स्वीझी, गार्ड (आक्रमणफळीत वाट मोकळी करणारा)
२३२ – ग्रेग स्क्रग्ज, डिफेन्सिव्ह लाइन

आता शेजारी आणखी एक रकाना: हा क्रमांक आला कुठून? सिएटलचा मूळ क्रमांक १२ होता. फिलाडेल्फिया ईगल्सशी अदलाबदल करून ते १५वर सरकले आणि बदल्यात ११४ आणि १७२ घेतले. दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क जेट्सशी ४३चे ४७ केले, वर १५४ आणि २३२ पदरात पाडून घेतले. म्हणजे दहापैकी चार नावं मागे सरकल्यामुळे आलेली आहेत. हे नोंदवलं नाही, तर पुढे ‘हॉवर्ड वाया गेला’ असं लिहून मोकळे व्हाल आणि तो फुकटचा होता की महागाचा हे कळणारच नाही.

ड्राफ्टमध्ये कुणीच न उचललेली पोरं संघ नंतर थेट करारावर घेतो. त्यांची वेगळी शीट करा. जर्मेन कर्स हा वॉशिंग्टन विद्यापीठाचा, म्हणजे सिएटलचाच खेळाडू त्याच वर्षी असा आला आणि त्या सुपर बोलमध्ये त्याने टचडाउनही (चेंडू समोरच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणं) केला. खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींचं श्रेय म्हणून तो मोजावा, पण ड्राफ्टच्या वर्गात मिसळू नये. त्याच्यासाठी कुठलाच क्रमांक खर्च झाला नव्हता.

पायरी २: निकाल कधी लावायचा

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी गुण देणं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पण ‘पुढे बघू’ म्हणून दहा वर्षं थांबण्यातही अर्थ नाही. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंना पाचव्या वर्षी ठेवून घ्यायचा हक्क संघाकडे असतो आणि तो वापरायचा की नाही, हे तिसऱ्या मोसमानंतर ठरवावं लागतं. आपल्या तपासणीचं वेळापत्रक या करारानेच ठरवून दिलंय.

दोन मोसमांनंतर फक्त पेन्सिलने नोंद करा. तीन मोसमांनंतर पहिल्या फेरीतल्या खेळाडूबद्दल संघाचं स्वतःचं मत समजतं. आयर्विनचा पाचव्या वर्षाचा हक्क सिएटलने २०१५मध्ये वापरला नाही, तो २०१६ला रेडर्स संघाकडे गेला. चार मोसम झाले की खरा निकाल. आणि त्यानंतर वर्षभराने पुन्हा एकदा, दुसरा करार कुणाला मिळाला हे बघायला.

या दुसऱ्या कराराला मी फार वजन देतो. संघाचे प्रशिक्षक त्या पोराला चार वर्षं रोज सरावात बघत असतात. त्याचा गुडघा, त्याची वृत्ती, रात्री कितीला झोपतो, सगळं त्यांना ठाऊक असतं. एवढं माहीत असूनही त्यांनी मोठी रक्कम पुढे केली, तर ती साक्ष कुठल्याही आकडेवारीहून भारी. २०१२च्या दहांपैकी सिएटलकडून पहिला करार संपताना नवा करार तिघांना मिळाला: विल्सन, वॅग्नर, लेन. दहात तीन हा आकडा ऐकायला कमी वाटतो, पण या लीगमध्ये तो चांगला आहे.

पायरी ३: क्रमांकाकडून अपेक्षा किती

सातव्या फेरीतला खेळाडू तीन वर्षं संघात टिकला तर तो यशस्वी. पहिल्या फेरीतला तेवढाच टिकला तर फसला. हे सगळ्यांना कळतं, पण गुण देताना विसरलं जातं. म्हणून खेळाडूचं पुढे काय झालं हे बघण्याआधीच क्रमांकासमोर अपेक्षा लिहून ठेवा. माझी ढोबळ फूटपट्टी अशी: पहिल्या ३२मध्ये घेतलेला दुसऱ्या मोसमापर्यंत कायमचा स्टार्टर (सामन्याच्या सुरुवातीपासून खेळणारा) व्हावा आणि संघाला त्याला पाचव्या वर्षीही ठेवावंसं वाटावं. साधारण १००पर्यंतचा करार संपण्याआधी निदान दोन मोसम स्टार्टर असावा. १००च्या पुढे दीडशेपर्यंत, पाळीपाळीने खेळणारा भरवशाचा गडी. त्याच्यापुढे, ५३ जणांच्या संघात जागा आणि स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या खेळींत, काम.

क्रमांकांची बाजारातली किंमत पाहायची असेल, तर डॅलस काउबॉइजचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आणलेला तक्ता अजूनही कामाला येतो. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, १२व्याला १२००, १५व्याला १०५०. उतार किती तीव्र आहे ते बघा. मात्र हा तक्ता ‘संघ काय मोजतात’ ते सांगतो, खेळाडू काय देतात ते नाही. त्या दोहोंतली तफावत रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी तपासली. त्यांच्या मते सगळ्यात वरचे क्रमांक अवाजवी महाग विकले जातात.

अपेक्षा लिहिताना संघाची अवस्थाही बघा. हा मुद्दा मला फार उशिरा कळला, पुढे सातव्या पायरीत येतो.

पायरी ४: खेळाडूचं माप कशाने घ्यायचं

सामने, स्टार्ट (किती सामन्यांत सुरुवातीपासून उतरला), आणि किती स्नॅप, म्हणजे खेळी, खेळला. या तीन आकड्यांपासून सुरुवात करा. क्वार्टरबॅकचे टचडाउन आणि पास-रशरचे सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) सगळे मोजतात. गार्डने काय केलं याला आकडाच नाही. म्हणून सगळ्या जागांना एकाच मापात आणायचा प्रयत्न करणारा ‘अप्रॉक्सिमेट व्हॅल्यू’ हा हिशेब उपयोगी पडतो. प्रो-फुटबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर तो प्रत्येक खेळाडूसमोर दिलेला असतो. नावातच ‘अंदाजे’ आहे हे विसरू नका. ५१ आणि ५३ मधल्या फरकावरून भांडण काढू नये.

स्टार्ट हा आकडा फसवा असू शकतो. दुबळ्या संघात दुसरं कुणी नाही म्हणूनही माणूस मोसमभर स्टार्टर राहतो. प्रो बोल आणि ऑल-प्रो हे मोसमातल्या उत्तम खेळाडूंचे दोन सन्मान. प्रो बोलची निवड काही अंशी लोकप्रियतेवर जाते, म्हणून मी ऑल-प्रोला जास्त मानतो. तिथे प्रत्येक जागेसाठी अख्ख्या लीगमधून मोजकीच नावं निघतात. वॅग्नर सहा वेळा पहिल्या ऑल-प्रो संघात आला. ४७व्या क्रमांकावरून! इथे फूटपट्टी ठेवून द्यायची आणि टोपी काढायची.

आयर्विनकडे बघा आता. पहिल्याच मोसमात ८ सॅक. सगळ्यांना वाटलं, पंडितांचे दात घशात गेले. दुसऱ्या मोसमात चार सामन्यांची बंदी आणि लाइनबॅकरच्या जागेवर बदली, सॅक २. मग साडेसहा, मग साडेपाच. चार वर्षांत २२. वाईट म्हणवत नाही, १५व्या क्रमांकाला साजेसं म्हणतानाही जीभ अडखळते. अशा खेळाडूला माझ्या शीटमध्ये ‘अपेक्षेइतका, पण जरा खालीच’ असा शेरा आहे आणि त्यावरून कट्ट्यावर आजही वाद होतो.

पायरी ५: करिअर वेगळं, संघाचा वाटा वेगळा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जे हॉवर्ड सिएटलने २०१३चा मोसम सुरू होण्याआधीच सोडला. कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला उचललं आणि तिथे तो चांगला स्टार्टर झाला. मग ११४वी निवड बरोबर की चूक? पारख बरोबर होती, सांभाळ चुकला. सिएटलच्या पदरात काय पडलं, तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून दोन रकाने ठेवा, एक अख्ख्या करिअरचा, दुसरा फक्त ज्या संघाने निवडला त्या संघासाठी केलेल्या कामगिरीचा. प्रो-फुटबॉल-रेफरन्सवर हे दुसरं मापही वेगळं मिळतं.

याचं ठसठशीत उदाहरण त्याच वर्षीच्या क्लीव्हलंड ब्राउन्सचं. तिसऱ्या क्रमांकावर रनिंग बॅक ट्रेंट रिचर्डसन घेतला, आणि त्यासाठी चौथ्यावरून एक पायरी वर चढायला तीन जादा क्रमांक मोजले. २२व्यावर क्वार्टरबॅक ब्रँडन वीडन. दोघंही फसले. ३७व्यावर घेतलेला मिचेल श्वार्ट्झ मात्र अस्सल निघाला. पण करार संपल्यावर तोही २०१६ला चीफ्सकडे गेला, तिथे ऑल-प्रो झाला आणि सुपर बोल जिंकून आला. करिअरच्या बेरजेवर हा वर्ग बरा दिसतो, ब्राउन्सच्या चाहत्याला विचारा मग कळेल.

गंमत म्हणजे रिचर्डसनच्या बाबतीत ब्राउन्सने एक शहाणपणा केला. सप्टेंबर २०१३मध्येच इंडियानापोलिस कोल्ट्सकडून त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीचा क्रमांक घेतला. आवळा देऊन कोहळा काढला म्हणावं, तर तो कोहळा पुढे जॉनी मॅन्झेल या क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचण्यात खर्ची पडला. तोही फसलाच.

पायरी ६: पैशाचा हिशेब

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला पगाराची एकच कमाल मर्यादा असते. २०१३ला ती १२ कोटी ३० लाख डॉलर होती. त्या वर्षी बाल्टिमोरने आपला क्वार्टरबॅक जो फ्लॅकोला सहा वर्षांसाठी १२ कोटी ६ लाखांचा करार दिला, ग्रीन बेने आपला क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्सला वर्षाला सुमारे २ कोटी २० लाखांचा. आणि विल्सनचा त्या मोसमाचा मूळ पगार ५,२६,२१७ डॉलर. तिसऱ्या फेरीच्या क्रमांकाला जेवढा मिळायचा तेवढाच, एक पैसा जास्त नाही.

हा फरक कुठे गेला ते शोधणं म्हणजे या पायरीचं काम. मार्च २०१३मध्ये सिएटलने क्लिफ एव्हरिल आणि मायकल बेनेट हे दोन पास-रशर बाहेरून आणले. सुपर बोलमध्ये एव्हरिलने डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या हाताला धक्का दिला, चेंडू हवेत उडाला आणि माल्कम स्मिथने तो झेलून ६९ यार्ड पळत टचडाउन केला. स्मिथ २०११च्या सातव्या फेरीतला, क्रमांक २४२, आणि सामनावीरही तोच ठरला. विल्सनचं नाव त्या खेळीत कुठेच नाही, पण त्याच्या स्वस्त कराराची सावली तिच्यावर आहे.

म्हणून शीटमध्ये ‘पहिल्या चार वर्षांत वाचलेला पैसा’ असा एक ढोबळ रकाना ठेवा. अगदी डॉलरपर्यंत नको. त्याच जागेवर मध्यम दर्जाचा खेळाडू खुल्या बाजारातून आणायला अंदाजे किती लागले असते, त्यातून याचा पगार वजा. ओव्हर द कॅप किंवा स्पॉट्रॅक या संकेतस्थळांवर कराराचे आकडे सापडतात. क्वार्टरबॅक, लेफ्ट टॅकल, पास-रशर, कॉर्नरबॅक यांच्यात बचत प्रचंड असते. रनिंग बॅक आणि सेफ्टीमध्ये कमी. टर्बिन हा मुख्य रनिंग बॅक मार्शॉन लिंचच्या मागचा गडी म्हणून तीन मोसम बरा खेळला, पण तसा गडी बाजारातही स्वस्तात मिळतो.

चार वर्षांनंतर मीटर थांबवा. २०१५च्या उन्हाळ्यात विल्सनला चार वर्षांसाठी ८ कोटी ७६ लाखांचा नवा करार मिळाला. त्यानंतर तो जे खेळला त्याचे पैसे संघाने बाजारभावाने मोजले, त्याचं श्रेय ड्राफ्टच्या खात्यावर चढवणं म्हणजे एकच पावती दोनदा वटवणं.

पायरी ७: कोण राहून गेलं, आणि किती नशीब

‘यापेक्षा अमक्याला घेतला असता तर’ हा खेळ मागे वळून बघताना फार गोड लागतो. त्याला शिस्त लावायला मी शेजाऱ्यांची कसोटी वापरतो: त्याच जागेवर खेळणारे, आणि आपल्या क्रमांकानंतरच्या थोड्याच घरांत गेलेले. त्यापलीकडे जायचं नाही.

आयर्विनचे शेजारी घ्या. १६व्यावर जेट्सने क्विंटन कोपल्स घेतला, १८व्यावर चार्जर्सने मेल्विन इंग्रम, १९व्यावर बेअर्सने शे मॅकलेलिन, २१व्यावर पेट्रियट्सने चँडलर जोन्स. कोपल्स आणि मॅकलेलिन साफ फसले. इंग्रम चांगला निघाला. जोन्सने करिअरमध्ये शंभराच्या वर सॅक घेतले. आयर्विन या रांगेत मधोमध बसतो. नापास करणाऱ्यांनाही ते पटावं आणि डोक्यावर घेणाऱ्यांनाही.

मागे सरकण्याचे सौदे मात्र वेगळे तपासा. १२व्या क्रमांकावर ईगल्सने फ्लेचर कॉक्स घेतला, जो सहा वेळा प्रो बोलला गेला आणि अख्खं करिअर तिथेच खेळला. सिएटलला बदल्यात आयर्विन, हॉवर्ड आणि लेन. एकट्या कॉक्सचं पारडं जड आहे, उगाच सारवासारव नको. जेट्सने ४३वर स्टीफन हिल घेतला, तो काही वर्षांतच दिसेनासा झाला. सिएटलला वॅग्नर, वर टूमर आणि स्क्रग्ज. टूमर सिएटलकडून फारसा दिसलाच नाही, स्क्रग्जला गुडघ्याने दगा दिला, पण वॅग्नर एकटा पुरेसा होता. एक सौदा हरला, एक जिंकला.

आणि विल्सन? तो त्या वर्षीचा सहावा क्वार्टरबॅक. लक, ग्रिफिन, टॅनेहिल, वीडन, ऑस्वायलर, मग तो. ‘बाकीच्यांना दिसलं नाही ते सिएटलने ओळखलं’ असं सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण १५ आणि ४७ या दोन्ही वेळा सिएटलनेही त्याला बाजूला ठेवलंच होतं. तो असा होईल याची खात्री असती तर ७५पर्यंत थांबायची हिंमत कुणी केली असती? पारख होती, तिला दैवाची साथही होती. थेलर आणि मॅसी यांनी मोजलंय: एका जागेवर आधी उचललेला खेळाडू त्याच जागेच्या लगेच पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता साधारण ५२ टक्के. नाणं उडवल्यापेक्षा जेमतेम बरं.

तिसरी गोष्ट मशागतीची. स्वीझी कॉलेजात बचावफळीत खेळायचा. सिएटलने २२५व्या क्रमांकावर घेऊन त्याला थेट आक्रमणफळीत गार्ड केला आणि सुपर बोलमध्ये तो स्टार्टर होता. इथे निम्मं श्रेय स्काउटचं, निम्मं सरावाच्या मैदानाचं. शीटमध्ये ‘जागा बदलली का’ असा साधा हो-नाही रकाना ठेवा, बरंच काही उलगडतं.

एवढं नशीब मध्ये असेल तर एका वर्गावरून जनरल मॅनेजरला तोलता येत नाही. जनरल मॅनेजर जॉन श्नायडर आणि मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल २०१०ला एकत्र आले, तेव्हापासूनचे सलग चार वर्ग मांडून बघा. २०१०: सहाव्यावर रसेल ओकुंग, १४व्यावर अर्ल थॉमस, ६०व्यावर गोल्डन टेट, १३३व्यावर कॅम चान्सलर. २०११: ९९वर के. जे. राइट, १५४वर रिचर्ड शर्मन, १७३वर बायरन मॅक्सवेल, २४२वर तो माल्कम स्मिथ. २०१२ आपण पाहिलाच. आणि मग २०१३: तब्बल ११ नावं, आणि सिएटलमध्ये खरं मूळ धरलं असं एकही नाही. त्यातल्या त्यात टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) ल्यूक विल्सन. पहिल्या फेरीचा क्रमांक पर्सी हार्विन या खेळाडूला दुसऱ्या संघाकडून आणण्यासाठी आधीच देऊन टाकलेला होता.

तेच स्काउट, तीच खोली, तोच फळा. एका वर्षात अक्कल गेली? मला वाटतं कारण साधं आहे. २०१०ला संघ रिकामा होता, पाचव्या फेरीतल्या पोरालाही मैदानावर उतरवून शिकू दिलं जात होतं. २०१३पर्यंत प्रत्येक जागेवर कुणीतरी दादा बसला होता. स्पेन्सर वेअर हा १९४वा रनिंग बॅक लिंचच्या मागे कितीसा खेळणार? त्याला सोडलं, आणि २०१६ला चीफ्सकडून तो ९००हून अधिक यार्ड पळाला. म्हणून तिसऱ्या पायरीतली अपेक्षा लिहिताना त्या जागेवर आधी कोण होतं, तेही लिहा. भरलेल्या संघाच्या उशिराच्या क्रमांकांना मी अर्ध्या अपेक्षेनेच तोलतो.

पायरी ८: खेळाडू गेल्यावर त्याच्या बदल्यात काय आलं

मार्च २०२२मध्ये सिएटलने विल्सन डेन्व्हरला दिला. बदल्यात तीन खेळाडू आणि क्रमांकांचा गठ्ठा आला, त्यात पहिल्या फेरीचे दोन आणि दुसरीचे दोन. त्यातून २०२२ला चार्ल्स क्रॉस आणि बॉय मॅफी, २०२३ला डेव्हन विदरस्पून आणि डेरिक हॉल घेतले गेले. ही सगळी विल्सनची कमाई म्हणून २०१२च्या वर्गाला जोडायची का?

जोडत गेलात तर हा धागा संपतच नाही. विदरस्पूनही कधीतरी जाईल, त्याच्या बदल्यात कुणी येईल. माझा नियम: बदल्यात आलेल्या क्रमांकाची किंमत मोजायची, त्या क्रमांकावर पुढे कोण उचलला हे मोजायचं नाही. ते त्या वर्षीच्या वर्गाचं. आणि दुसऱ्या करारानंतरचा सौदा वेगळ्या ओळीत, कंसात. करार संपून खेळाडू मोकळा गेला तर लीग काही वेळा भरपाईचा क्रमांक देते, तोही याच ओळीत लिहा.

पायरी ९: शेरा लिहिणं

अ, ब, क अशी श्रेणी मी आता देत नाही. एका अक्षरात निवड, पैसा आणि नशीब तिन्ही कोंबले जातात आणि मग भांडणाला विषय उरत नाही. त्याऐवजी तीन ओळी लिहितो. २०१२साठी माझ्या शीटमध्ये हे आहे:

मिळालं काय: दोन असामान्य खेळाडू, तेही ४७ आणि ७५वर. अपेक्षेहून बरेच वर गेलेले आणखी दोन, स्वीझी आणि लेन. टर्बिन बरोबरीत, आयर्विन किंचित खाली. हॉवर्ड, टूमर, गाय आणि स्क्रग्ज यांच्याकडून संघाला नगण्य.

दिलं काय: १२वा क्रमांक सोडताना कॉक्स हातचा गेला. बाकी कुठेही जास्त मोजलं नाही. उलट क्वार्टरबॅकवरच्या बचतीने दोन पास-रशर आले.

नशीब किती: विल्सनमध्ये पुष्कळ, वॅग्नरमध्ये कमी. विल्सन काढला तरी वर्ग पास होतो, फक्त गाजत नाही.

शेवटच्या ओळीतली युक्ती प्रत्येक वर्गाला लावून बघा: सगळ्यात मोठं नाव खोडा आणि उरलेल्यांकडे बघा. न्यू इंग्लंडच्या २००० सालच्या वर्गातून १९९वा टॉम ब्रेडी खोडला तर फारसं काही उरत नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या १९७४च्या वर्गातून लिन स्वान खोडा, तरी जॅक लँबर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर उरतात, तिघंही हॉल ऑफ फेममध्ये. दोन्ही वर्गांनी आपापल्या संघाला करंडक दिले, पण पारख करणाऱ्यांबद्दल ते सांगतात ते अगदी वेगवेगळं.

हात बसवायचा असेल तर सीहॉक्सचाच २०२२चा वर्ग घ्या. त्याचे चार मोसम आता पूर्ण झालेत. नऊ नावं: ९ क्रॉस, ४० मॅफी, ४१ केनेथ वॉकर, ७२ अ‍ॅब्रहम लूकस, १०९ कोबी ब्रायंट, १५३ टारिक वूलन, १५८ टायरिक स्मिथ, २२९ बो मेल्टन, २३३ डरिक यंग. सुरुवात वूलनपासून करा. पहिल्याच मोसमात ६ इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच झेलणं), लीगमध्ये बरोबरीने सगळ्यात जास्त. तो आकडा झाकून ठेवा, पुढच्या तीन मोसमांचे स्नॅप आधी भरा, मग उघडा.